चार बोटं कमी

दाराची मूठ तिच्या हातात आली आणि दार जिथल्या तिथं राहिलं.

पलीकडे ठकी होती. साडेचार वर्षांची, एकटी. लपाछपीत आतल्या खोलीत शिरली, दार ओढून घेतलं, आणि दमट हवेनं फुगलेलं ते जुनं दार चौकटीत असं रुतून बसलं की हलायचं नाव घेईना. आधी आतून हसू आलं, मग "आई, उघड ना गं" आलं, आणि मग नुसतं "आई". त्या नुसत्या 'आई'नं ती खिडकीकडे धावली. तिथून शेजारच्या काकूंना हाका मारल्या. काकू काही आल्या नाहीत. त्यांच्या अंगणात कपाटाचं फळकूट तासत बसलेला एक माणूस मात्र हातातल्या रंध्यासकट आला.

त्यानं तिला एकच विचारलं, आत कोण आहे. मग तो दाराशी उकिडवा बसला.

"ठकीबाई, मी आता दाराला गुदगुल्या करणार आहे. दार हसलं की मोठा आवाज होईल. तुम्ही पलंगावर जाऊन बसा आणि कान झाका."

आतलं रडणं थांबलं. "दार हसतं?"

"बघाच."

त्यानं बिजागऱ्यांच्या खिळी खालून ठोकत एकेक करून वर काढल्या. एक... दोन... तिसरी गंजलेली होती, तिला वेळ लागला. तोवर तो ठकीशी बोलत राहिला, आणि आई मात्र भिंतीला पाठ लावून त्याच्या हातांकडे बघत राहिली, जणू नजर हलली तर खीळ परत खाली बसेल. शेवटी अख्खं दारच कवेत घेऊन तो मागे सरला. ठकी धावत आली ती आईला ओलांडून थेट दाराकडे, गुदगुल्या नेमक्या कुठं केल्या ते बघायला. आई जमिनीवर बसली.

"ती मूठ सोडा आता," तो म्हणाला. "हात लाल झालाय."

तेव्हा तिला कळलं, आपण ती अजून धरूनच होतो.

मग भिंतीपलीकडून काकूंनी ओळख करून दिली. गल्लीच्या टोकाला याचं सुतारकामाचं दुकान. याला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. याला जगात काही वाकडं दिसलं की चैन पडत नाही, म्हणून हे नाव. काकू हे सगळं त्याच्यासमोरच सांगत होत्या आणि तो कान लाल करून बिजागऱ्या पुसत होता.

एरवी तिनं आभार मानून विषय संपवला असता. पण तिच्याकडे नऊच दिवस होते.

नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. हे बैठं घर तिच्या आत्याचं, आत्यानं तिच्या नावानं ठेवलेलं. एकामागं एक तीन खोल्या, मागे छोटं स्वयंपाकघर, जाड भिंती, मधल्या खोलीत खोल कोनाड्यांसारख्या दोन मोठ्या खिडक्या. ठकीला घेऊन ती इथं राहायला आली तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद होतं, की आमच्या नव्या फ्लॅटमध्ये या, त्या जुन्या घरात धड चार माणसं बसू शकत नाहीत, तिथं पोर कशी वाढवणार. त्यांचं चुकत होतं असं नाही. नातवंड डोळ्यांसमोर हवं, एवढंच त्यांना हवं होतं. पण तिला माहीत होतं, एकदा तिथं गेलं की ती कायमची 'धाकट्याची बायको' होऊन एका खोलीत राहील, आणि ठकी कुणाचं ऐकून मोठी होईल हे तिच्या हातात उरणार नाही. शेवटी एकदा फोनवर ती बोलून गेली होती, की सगळे या, अख्खा दिवस राहा, माणसं मावली नाहीत तर महिनाअखेर सामान बांधते. आणि मावली तर हा विषय बंद. सासूबाई "बरं" म्हणाल्या होत्या. त्यांचं 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ.

नऊ दिवसांनी जेवायला सासरची सात, तिच्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी, आणि ती नि ठकी. अकरा माणसं, आणि घरात खुर्च्या तीन. हे सगळं तिनं त्याच दिवशी गुण्याला सांगितलं.

गुण्या दुसऱ्या दिवशी माप घ्यायला आला तो टेप न आणता. हातात लाकडाची एक लांब पातळ पट्टी, कानावर पेन्सिल. पट्टी भिंतीला लावायची, जिथं संपेल तिथं खूण करायची. आकडा कुठंच नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी, प्रत्येक नळीवर नाव दोनदा वाचणारी. तिला हे बघवेना. तिनं विचारलं, आकडे का लिहीत नाही.

"जुन्या भिंती आहेत. एकही सरळ नाही. आकडा ऐकताना चुकतो, लिहिताना चुकतो, दुकानात जाऊन वाचताना चुकतो. खूण चुकत नाही."

"खूण काय, कुणीही करेल."

"माझ्या पट्टीला माझ्याशिवाय कोण हात लावतंय?" तो हसला.

त्याचा बेत साधा होता. खोल्यांमधली दोन्ही दारं एका दिवसासाठी काढायची, म्हणजे तिन्ही खोल्यांची एक लांब बैठक होईल. तीच दारं सुतारी घोड्यांवर, म्हणजे लाकडी आधारांवर, आडवी ठेवली की मेज तयार. दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या तर चालायला जागा उरत नाही, म्हणून खिडक्यांच्या त्या खोल जागेत फळ्या टाकायच्या, प्रत्येकीत दोन-दोन माणसं आरामात टेकतील, आणि समोरच्या बाजूला घरच्या तीन खुर्च्या नि काकूंकडच्या चार. फळ्यांसाठी आत्याच्या जुन्या पलंगाची पाटी होतीच. त्या जाडीचं तसं लाकूड आता मिळत नाही, तो म्हणाला, आणि त्यावरून हात असा फिरवला की तिनं उगाचच नजर दुसरीकडे वळवली.

आठवडाभर ती लॅबमधून परतल्यावर तो यायचा. ती सगळ्याला भ्यायची. घोड्याच्या टोकाला, खिळ्यांच्या डब्याला, भुशानं ठकीला खोकला होईल याला. तो न बोलता खिळ्यांचा डबा उंचावर ठेवायचा, टोकांवरून कानस फिरवायचा, जायच्या आधी ओल्या फडक्यानं फरशी पुसायचा. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण भीती बोलून दाखवायच्या आधीच ती दूर झालेली असते... आणि ही गोष्ट तिला खिळ्यांपेक्षा जास्त घाबरवून गेली.

आणखी एक गोष्ट तिनं टिपली होती. तो काकूंना काकू म्हणायचा, समोरच्या शिक्षिकेला ताई, दूधवालीलाही ताई. तिला काहीच म्हणायचा नाही. "जरा बाजूला होता का," "हे धरता का," असं हवेतच बोलायचा. गुरुवारी ती फळीचं दुसरं टोक धरून उभी होती तेव्हा तिनं विचारलंच.

"सगळ्या तुमच्या ताई. मग मी कोण?"

त्यानं रंधा थांबवला नाही. "तुम्हाला चालेल का ताई म्हटलेलं?"

"मी विचारलं, तुम्ही का म्हणत नाही."

"एकदा म्हटलं की परत घेता येत नाही," तो फळीकडे बघत म्हणाला. "म्हणून थांबलोय."

बाहेर भुरभुर चालली होती. फळीचं तिच्या हातातलं टोक जरासं खाली झुकलं, आणि दुसऱ्या टोकाला ते कळलं असणार, कारण तो एकदम म्हणाला, की जड असेल तर ठेवा खाली. ती म्हणाली, नाही, जड नाही.

शुक्रवारी सगळं बिनसलं.

फळ्या दुकानात कापून, घासून, तेलपाणी करून तो घेऊन आला आणि खिडकीत टाकायला गेला. फळी दोन्ही बाजूंच्या आधारावर बसायची होती. ती बसलीच नाही, मधूनच खाली आली. चार बोटं कमी. दुसरीही तेवढीच कमी. आत्याच्या पलंगाची पाटी संपली होती आणि परवा अकरा माणसं बसायची होती.

ती काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलंही नाही. आकडे लिहा म्हटलं होतं, हे बोलली. तुमच्यासाठी हा एक दिवसाचा खेळ आहे, माझं घर पणाला लागलंय, हेही बोलली. आणि शेवटी, तुमच्यावर विसंबले हीच माझी चूक, असंही म्हणाली. त्यानं पट्टी उचलली, खिडकीजवळच्या उजेडात धरली, बोट फिरवत एका खुणेशी थांबला. वर बघितलं, तिच्याकडे, मग कोपऱ्यात चित्र काढत बसलेल्या ठकीकडे. काहीतरी बोलणार असं वाटलं.

"चूक झाली खरी," एवढंच म्हणाला. फळ्या खांद्यावर टाकल्या आणि गेला. पट्टी भिंतीला टेकून तशीच राहिली.

शनिवारी सकाळी ठकी त्या पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "बघ ना, मी वाढले का?"

तिच्या डोक्याला टेकूनच पेन्सिलीची एक ठळक आडवी रेघ होती.

बुधवार. तिला सगळं एका दमात आठवलं. ठकीनं उंची मोजायचा हट्ट धरला, समोर ही पट्टी उभी होती. पोरीच्या केसांना धूळ लागू नये म्हणून आधी ती ओल्या फडक्यानं खसाखसा पुसली. मग ठकीला उभं केलं, रेघ मारली, आणि भात... नव्हे, दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. तिनं पट्टी उजेडात धरली. त्याच्या तिरप्या, नाजूक खुणा पुसून नुसती सावली राहिली होती. ठळक होती ती एकच, तिच्या हातची. आत्याच्या पलंगाच्या दोन्ही फळ्या त्यानं ठकीच्या उंचीएवढ्या कापल्या होत्या.

आणि काल त्यानं हे ओळखलं होतं. ओळखून गप्प बसला होता.

दुकानाच्या पायरीवर ती ठकीचा हात धरून उभी राहिली तेव्हा तो फळ्यांच्या टोकांना फिक्या लाकडाच्या पट्ट्या जोडत होता. शिकंजे आवळलेले, डोळे तारवटलेले. ठकी भुशाच्या ढिगाकडे पळाली. पहिल्यांदाच तिनं पोरीला 'हळू' म्हटलं नाही.

"काल का बोलला नाहीत?" तिनं विचारलं.

"काय बोलायचं? रेघ तुमची आहे म्हणून?"

"हो."

"तुम्ही इतकं बोलत होतात... त्यात तुमचीच चूक निघाली असती तर तुम्ही रात्रभर स्वतःला बोलत बसला असतात. माझं काय, मला बोलणी खायची सवय आहे." त्यानं शिकंजा आणखी एक पीळ घट्ट केला. "जोड दिसेल. फिका आहे. पण भार घेईल."

तिला माफी मागायची होती, ती तिनं मागितली. त्यापुढं जे होतं ते मात्र बोलायचं राहिलं. कारण त्याच वेळी ठकीनं भुशातून मान वर काढून जाहीर केलं, की उद्या गुण्यानं तिच्या शेजारी बसायचं, तिनं कालच सांगून ठेवलंय. तो हसला आणि पोरीच्या आईकडे बघू लागला. खरंच विचारत होता.

तिला उद्याचं सगळं चित्र दिसलं. सासूबाईंची नजर. दिरांचं मान खाली घालून हसणं. जावेचं "अच्छा, म्हणून होय." म्हणून हिला वेगळं राहायचंय. म्हणून हिला आमच्यात यायचं नाही. मग माणसं मावली काय न मावली काय.

"उद्या..." ती म्हणाली, "उद्या तुम्ही येऊ नका."

त्याचा हात क्षणभर फळीवर थांबला.

"बसवून देतो संध्याकाळी," तो म्हणाला. "उद्या नाही येत."

संध्याकाळी फळ्या बसल्या. तो त्यांच्यावर स्वतः बसून बघून गेला, पाणीसुद्धा न पिता.

रविवारी माणसं आली आणि अकराच्या अकरा मावली. मावली म्हणजे कशी, तर घरानं कूस बदलून जागा करून दिल्यासारखी. दारांच्या मेजावर पांढरी चादर, एका खिडकीत सासूबाई आणि त्यांची बहीण, दुसरीत कॉलेजच्या मैत्रिणी पाय हलवत. दिरांनी दोनदा मेज हलवून बघितलं, हललं नाही. जाऊबाई पडदा सारून स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे बोलण्यासारखं सापडलं नसावं. ती मात्र ताटं मांडताना मोजत होती. माणसं नाही, सासूबाईंच्या नजरेचे थांबे. छत, फरशी, ठकीचे गुडघे, विजेची बटणं... आणि मग फळीचा तो फिका जोड. त्यावर त्यांचं बोट येऊन थांबलं.

"हा नंतर लावलाय," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई. माप चुकलं होतं. माझ्यामुळे."

"जोडलंय छान. कोण आहे सुतार?"

ती 'आहेत इथलेच कुणीतरी' असं म्हणणार होती. तेवढ्यात ठकी म्हणाली, "गुण्या. तो आज माझ्याशेजारी बसणार होता. आईनं नको म्हटलं."

दिरांनी मान खाली घातली, अगदी काल तिला मनात दिसली होती तशीच. सासूबाई उठल्या, तिच्या हातातली वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात गेल्या. ती मागोमाग गेली. तिथं त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि पाठमोऱ्याच विचारलं, "का नको म्हटलंस?"

अजूनही निसटायला वाट होती. जागा नव्हती म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण अख्खा दिवस तर जागा आहे हेच दाखवण्यासाठी होता.

"तुम्हाला घाबरून," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तो मला... आई, तो मला आवडतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही म्हणाल, हिला घर नको होतं, हिला हेच हवं होतं. आणि ठकीला..."

सासूबाईंनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज होता तसाच, ताठ.

"मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा होता तो. आज ते माझ्याकडून मागू नकोस."

"नाही मागत."

"आणि ठकीला तुझ्यापासून तोडेन असं तुला वाटलंच कसं? एवढी का मी..." त्या थांबल्या. पदरानं डोळे पुसले. "घराचं म्हणशील तर मी बघितलं. माणसं बसलीयत. मी 'बरं' म्हटलं होतं, तो विषय संपला. पण एका पोरीनं जेवायला बोलावलेलं माणूस तू परस्पर नको म्हणालीस, हे मला पटलं नाही. जा, घेऊन ये."

"आत्ता?"

"मग काय सगळं निवल्यावर? मी थांबवते जेवणं. आणि पोरीकडे बघू नकोस मागे वळून, मी दोन वाढवलीत."

ती निघाली. बाहेर बारीक पाऊस होता, पायात चपला कुणाच्या तरी भलत्याच, बहुधा जावेच्या, एक नंबर मोठ्या. गल्लीभर त्या फटफट वाजत राहिल्या. ठकीनं हात धुतले असतील का, हा विचार वाटेत एकदा आला. तिनं त्याला घरी परत पाठवलं.

रविवार असूनही दुकानाचं अर्धं दार उघडं होतं. तो एका चौकटीवर रंधा मारत होता. तिला बघून थांबला नाही.

"जेवायला चला," ती धापा टाकत म्हणाली.

"नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"कुणी काही मोडलं का तिथं?"

"नाही. सगळं भार घेतंय."

रंधा दोनदा मागे-पुढे झाला. "मग कोण म्हणून येऊ?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "सुतार म्हणून आलो तर दाराशी उभा राहीन, दोन शब्द कौतुकाचे ऐकेन आणि निघेन. जमेल मला. फक्त आधी सांगा. तिथं गेल्यावर तुमच्या चेहऱ्यावरून ओळखायचं म्हणजे... ते नाही जमणार."

"मी आईंना सांगून आलेय."

"काय?"

"तुम्हाला अजून सांगितलं नाही तेच."

रंधा थांबला. रंध्याच्या तोंडाशी अडकलेला लाकडाचा लांब छिलका अलगद सुटून खाली पडला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या त्या मोठ्या चपलांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कान हळूहळू लाल व्हायला लागले.

"त्यांना आधी?" तो म्हणाला.

"त्यांची भीती जास्त होती."

"आणि माझी?"

"तुमची... वेगळी होती."

त्यानं अंगावरचा भुसा झटकला, नीट झटकला गेला नाही. कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले. दाराची कडी लावायला वळला तेव्हा पाठमोराच म्हणाला, "मग मला कधी सांगणार?"

"वाटेत."

"वाट पाच मिनिटांची आहे."

"माहितीय," ती म्हणाली, आणि दुकानाची पायरी उतरायच्या आतच सांगून टाकलं.